ज्यांच्या नावाची नोंद सापडली नाही

मंडळीसाठी पाठ

शास्त्रपाठ : एज्रा २:५९–६३, लेवीय १९:३३–३६, स्तोत्र ८७.
तोंडपाठ करावयाचे वचन : स्तोत्र ८७:६.

प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान मंडळीत सेवा करणाऱ्या उपदेशक बंधूंनी आम्हांस पत्राने एक प्रश्न विचारिला. त्याचे उत्तर पुष्कळांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा पाठ आम्ही त्याच प्रश्नावर लिहीत आहो.

कापूस वेचणीच्या हंगामात त्यांच्या गावी एक पारधी कुटुंब आले आणि शिवाराच्या कडेला पाल ठोकून राहिले. दोन-तीन रविवार ते दाराबाहेर उभे राहून गीते ऐकत; पुढे आत येऊन मागच्या चटईवर बसू लागले. थोरला मुलगा अदमासे आठ वर्षांचा. त्यास शाळेत घालावे असे बापाच्या मनात आले. पण त्याच्यापाशी मुलाच्या जन्माचा दाखला नाही, शिधापत्रिका नाही, राहत्या घराचा पुरावा नाही. तेव्हा तो हात जोडून म्हणाला, "मास्तर, तुमच्या वहीत एवढं लिहा जी, का हे पोरगं याच गावात जन्मलं आन् इथंच त्याचा बाप्तिस्मा झाला. तुमचा शिक्का असला म्हणजे कचेरीत चालते."

ही गोष्ट पंचांपुढे आली. एक वडील म्हणाले, "ज्यांचा ठावठिकाणा नाही असल्या लोकांना आत घेतले तर उद्या पोलीस आपल्या दारी येतील." दुसरे म्हणाले, "एका ओळीने लेकराचे कल्याण होत असेल तर लिहून टाका. दया हीच आपली आज्ञा आहे." उपदेशक बंधू विचारतात, ह्या दोघांपैकी कोणाचे बोलणे शास्त्राला धरून आहे?

आमचे उत्तर असे की, दोघांचेही नाही. ते कसे, हे पाहू.

१. ही माणसे कोण?

कागदपत्रांवाचून राहणारा उपरी म्हटला म्हणजे आपल्या मनात अमेरिका, युरोप अशा दूरच्या खंडांची गोष्ट येते. तेथील मंडळ्यांपुढे हा प्रश्न खरोखरच मोठा आहे. परंतु आपल्या दाराशी उभा असलेला उपरी बहुधा समुद्र ओलांडून आलेला नसतो. तो ह्याच देशात जन्मलेला असतो. केवळ तसे सांगणारा कागद त्याच्यापाशी नसतो.

आपला जिल्हा हा जाण्यायेण्याचा जिल्हा आहे. दक्षिणेस पैनगंगेपलीकडे तेलंगण लागते. वेचणीला, जिनिंगच्या कामाला, वीटभट्ट्यांवर व वणीच्या बाजूस कोळशाच्या खाणींकडे बाहेरचे मजूर येतात. आणि पुसद-उमरखेडकडची आपलीच माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला परमुलखात जाऊन तेथे उपरी होतात. २०२० सालच्या टाळेबंदीत हैदराबादहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गाने डोक्यावर गाठोडी व कडेवर लेकरे घेऊन चालत गेलेली माणसे पांढरकवड्याच्या लोकांनी पाहिली आहेत. त्यांपैकी कित्येकांचे कागद गावी पेटीत होते, आणि कित्येकांचे कोठेच नव्हते.

ह्या सर्वांमध्ये भटक्या जमातींची गोष्ट अधिक कठीण आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली एक कायदा करून पुढे कित्येक जमातींच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. फासेपारधी त्यांत आले. ज्यांची नावे कोणत्याही शाळेच्या हजेरीपटात नव्हती, त्यांची नावे पोलिसांच्या वहीत मात्र होती. देश स्वतंत्र झाल्यावर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. परंतु कायदा पुसला म्हणून कलंक पुसला गेला नाही. बेड्यावरच्या माणसास गावात घर मिळेना. घर नाही म्हणून पत्ता नाही. पत्ता नाही म्हणून शिधापत्रिका नाही. आणि शिधापत्रिका नाही म्हणून पुढचा कोणताच दाखला नाही. श्री. बाळकृष्ण रेणके ह्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ साली भटक्या व विमुक्त जमातींविषयी जो अहवाल सादर केला, त्यात ही कागदांची अडचण ठळकपणे मांडली आहे.

त्यात आणखी एक गाठ आहे. आपल्या राज्यात पारधी हे अनुसूचित जमातींत गणले जातात. त्या जमातीचा दाखला मागणाऱ्याने आपले पूर्वज ६ सप्टेंबर १९५० रोजी किंवा त्यापूर्वी ह्या राज्यात राहत होते असे दाखवावे लागते. म्हणजे ज्या काळी आजोबाला कोणी एका गावी टिकू देत नव्हते, त्या काळच्या वस्तीचा पुरावा आज नातवाने आणावयाचा! बंधूंनो, ही गाठ ध्यानात आली म्हणजे त्या बापाने खोटी ओळ का मागितली हेही समजते. समजणे म्हणजे मान्य करणे नव्हे. परंतु समजल्यावाचून न्याय करू नये.

२. शास्त्र काय दाखविते?

आता एज्राचा दुसरा अध्याय उघडा. बाबेलच्या बंदिवासातून लोक यरुशलेमेस परत येत आहेत, आणि घराण्यांची यादी लिहिली जात आहे. कोण कोणाचा पुत्र, कोण कोणत्या गावचा, असे एकामागून एक नाव येते. असे चालता चालता एकोणसाठाव्या ओवीत लेखणी थबकते. तेल-मेलह, तेल-हर्षा, करूब, अद्दान व इम्मेर ह्या ठिकाणांहून काही माणसे आली होती. पण आपल्या वाडवडिलांचे घराणे कोणते, आपण इस्राएलांपैकी आहो की नाही, हे त्यांस दाखविता आले नाही. त्यांची संख्या ६५२.

येथे दोन गोष्टी नीट पाहा. पहिली ही की, त्या माणसांस कोणी वाटेवरून परत पाठविले नाही. पुरावा नसलेले ६५२ लोकही देवाच्या ग्रंथात मोजून लिहिले गेले. दुसरी ही की, त्यांच्यासाठी कोणी खोटी वंशावळ रचली नाही. त्यांस दाखविता आले नाही, असेच जे खरे ते लिहून ठेविले.

पुढे याजक घराण्यांतील काही जणांचीही नोंद सापडली नाही असे सांगितले आहे. अधिपतीने त्यांस याजकपणाच्या वाट्यापासून तूर्त दूर ठेविले आणि योग्य निर्णय देणारा याजक उभा राहीपर्यंत थांबावयास सांगितले. म्हणजे हुद्द्याचा प्रश्न थांबविला. परंतु लोकसमुदायात राहण्याचा प्रश्नच काढिला नाही. मंडळीत कोणास पंच नेमावयाचे तर चौकशी करावी, हे योग्य आहे. परंतु उपासनेत बसावयास, वचन ऐकावयास व तहानेल्याला पाणी द्यावयास कोणता दाखला पाहावयाचा?

ह्याच अर्थाचा परंतु त्याहून उंच विचार सत्त्याऐंशीव्या स्तोत्रात आहे. तेथे मिसर, बाबेल, पलेशेथ, सोर व कूश ह्या परक्या, किंबहुना वैरी राष्ट्रांची नावे येतात. परमेश्वर स्वतः लोकांची नोंद लिहावयास बसतो आणि त्यांच्याविषयी असे लिहितो की, ह्याचा जन्म सीयोनेत झाला. ग्रामपंचायतीच्या दप्तरात ज्याचा जन्म लिहिलेला नाही, त्याचा जन्म लिहिण्यास परमेश्वर आपल्या हाती लेखणी घेतो, ह्याहून मोठे सांत्वन त्या पालातील आईला आपण काय सांगणार?

३. आपणही उपरी होतो

मिसर देशात आपण उपरी होतो ह्याची आठवण देऊन परमेश्वर इस्राएलास वारंवार शिकवितो की, उपऱ्याचे मन कसे असते हे तुम्हांस ठाऊक आहे (निर्गम २३:९). मराठी ख्रिस्ती मंडळीसही हे ठाऊक असावयास पाहिजे. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने मरावयास टेकलेल्या शेकडो मुली व विधवा त्यांनी आपल्याबरोबर आणिल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांचे घर झाले. पुढे १८९९–१९०० च्या दुष्काळाने तर वऱ्हाडातही हाहाकार केला, आणि ठिकठिकाणच्या मिशनांनी अनाथगृहे उघडिली. त्या लेकरांपैकी कित्येकांस बापाचे नाव सांगता येत नव्हते. त्यांच्याजवळ दाखला असता तर तो दाखवावयाचा कोणाला? त्यांची नावे वहीत लिहिणारे हात परक्याचे होते, आणि वयाच्या रकान्यात अंदाजच लिहावा लागला. आज पोटभर जेवून चर्चच्या बाकावर बसणाऱ्या पुष्कळ घराण्यांची मूळ पणजी अशाच एका ओळीपासून सुरू होते.

तसेच आपल्या यवतमाळ शहराने परक्यांस जागा दिलेली आहे. १९५३ साली येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, आणि १९८३ मध्ये ती पुण्यास जाईपर्यंत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील तरुण येथे येऊन शिकले. त्यांची भाषा, त्यांचा पोशाख, त्यांचे जेवण निराळे होते; तरी ते आमचे बंधू झाले. सुशिक्षित परक्यास दिलेला मान अशिक्षित परक्यास का देऊ नये? याकोबाने सोन्याची अंगठी घातलेल्या आणि मळकट वस्त्रे नेसलेल्या दोन माणसांची गोष्ट (याकोब २:१–४) आमच्यासाठीच लिहिली आहे.

म्हणून "पोलीस दारी येतील" असे म्हणून दार लाविणाऱ्या वडिलांचे म्हणणे आम्हांस मान्य नाही. भय स्वाभाविक आहे. परंतु भयाने उपासनेचे दार लाविले तर आत काय उरेल?

४. खरी तागडी

आता दुसऱ्या वडिलांकडे वळू. त्यांच्या मनात दया आहे, आणि दयेचा आम्ही आदर करितो. परंतु लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात एक विलक्षण जोडणी आहे. तेहेतीस व चौतीस ह्या ओव्यांत उपऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे. आणि लगेच पस्तीस व छत्तीस ह्या ओव्यांत मापात, वजनात व तागडीत खोटेपणा न करण्याची आज्ञा आहे. एकाच श्वासात दोन्ही! जो देव उपऱ्याचा कैवारी, तोच खऱ्या मापाचा धनी. मंडळीची वही ही तिची तागडी आहे. तीत खोटे वजन घालून उपऱ्याचे हित साधावयाचे नाही.

कोणी म्हणेल, एका ओळीने कोणाचे नुकसान होते? तर सर्वांत आधी त्या उपऱ्याचेच होते. २०२५ च्या अखेरीस आपल्याच जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी ह्या लहानशा गावच्या ग्रामपंचायतीच्या नावावर सत्तावीस हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी झाल्याचे उघडकीस आले, आणि त्याचा तपास सुरू झाला. असे प्रकार उघड झाले म्हणजे सरकार उशिराच्या नोंदींचे नियम कडक करिते, हे योग्यच. परंतु त्या कडकपणाची झळ कोणास लागते? ज्याचा जन्म खरोखर पालात झाला आणि ज्यास नोंदीचे नाव ठाऊक नव्हते, त्या गरिबास. लबाडाने एक खोटा दाखला काढिला म्हणजे प्रामाणिक माणसाच्या खऱ्या अर्जाकडेही संशयाने पाहिले जाते. शिवाय ज्या मुलासाठी ती ओळ लिहिली, तो मोठा होऊन नोकरीस लागेल तेव्हा चौकशीत ती ओळ सापडेल. मग त्याच्या हातचे खरेही जाईल. आणि त्या मंडळीची वही एकदा खोटी ठरली म्हणजे तीतील इतर शंभर खऱ्या नोंदींवर कोण विश्वास ठेवील?

ईजबेलीने अहाबाच्या नावाने पत्रे लिहून त्यांवर राजाची मोहर केली (१ राजे २१:८). मोहर खरी, मजकूर खोटा. आणि नाबोथाचा प्राण गेला. मोहर हाती असणाऱ्याने हे विसरू नये.

५. मग करावे काय?

दार उघडे आणि वही खरी, हा आमच्या पाठाचा सार आहे. परंतु खरे लिहिणे म्हणजे "आम्हांस काही लिहिता येत नाही" असे म्हणून हात झाडणे नव्हे. खऱ्याचा मार्ग लांब असतो. तो उपऱ्याबरोबर आपण चालावा. त्यासाठी उपदेशकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली, शाळा. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलास वयाचा पुरावा नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारिता येत नाही. तेव्हा त्या बापाने जी खोटी ओळ मागितली, तिची मुलाच्या प्रवेशास गरजच नव्हती! अज्ञानामुळे माणूस पापाच्या दारापर्यंत जातो. म्हणून कायद्याची माहिती देणे हीही सेवा आहे.

दुसरी, जन्म. जन्माची नोंद बालक जेथे जन्मले त्याच ठिकाणी होते, आईबापांच्या मूळ गावी नव्हे. वेचणीला आलेली बाई आपल्या शिवारात प्रसूत झाली तर ती नोंद आपल्याच ग्रामपंचायतीत करावयाची. एकवीस दिवसांच्या आत ती विनामूल्य होते. त्यानंतर उशिराचे शुल्क लागते. तीस दिवसांनंतर वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागते. आणि एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्याने शहानिशा करून हुकूम दिल्यावाचून नोंद होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्माचा दाखला हाच पुढील बहुतेक कामांचा पाया ठरविला आहे. ह्यास्तव पालात पाळणा हलल्याचे कानी येताच मंडळीतील एका बहिणीने तेथे जावे, बाळंतिणीची विचारपूस करावी, आणि बापाला बरोबर घेऊन एकवीस दिवसांच्या आत नोंद करवावी. हे एवढे केले तर आठ वर्षांनी कोणी खोटी ओळ मागावयास येणार नाही.

तिसरी, धान्य. ज्याची शिधापत्रिका दुसऱ्या गावची किंवा दुसऱ्या राज्याची आहे, त्यास आता आपल्या गावच्या रास्त भावाच्या दुकानातूनही धान्य घेता येते. त्याने आपला पत्रिकेचा क्रमांक सांगावा व अंगठा द्यावा. ज्यास पत्रिकाच नाही, त्याच्याबरोबर तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत जाऊन अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. आधारपत्र पुष्कळ कामी पडते, परंतु ते नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हेही सांगून ठेवावे.

चौथी, वकील. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक व गरीब ह्यांस जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. हे कार्यालय यवतमाळासही आहे. दलालास दिलेले पैसे बुडतात. येथे पैसे लागत नाहीत.

पाचवी, मंडळीचे खरे पत्र. जे आम्ही पाहिले तेवढेच लिहावे. परंतु जे पाहिले ते मात्र अवश्य लिहावे. उदाहरणार्थ : "हे कुटुंब अमुक तारखेपासून आमच्या गावच्या शिवारात राहते व आमच्या उपासनेस येते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. मुलाचे वय आईबाप अंदाजे आठ वर्षे सांगतात." असे पत्र जन्माचा दाखला होत नाही; परंतु तारखेसह जपून ठेविले तर दहा वर्षांनी तेच वास्तव्याचा आधार होऊ शकते. पौलाने किंख्रियाच्या मंडळीतील फिबी भगिनीविषयी रोमकरांस शिफारस लिहिली (रोम १६:१, २), हे ध्यानात आणा. आपली माणसे ऊसतोडीला जातात तेव्हा त्यांसही असे पत्र द्यावे, म्हणजे तेथील मंडळी त्यांस परके समजणार नाही.

सहावी, गळ नको. ह्या सर्व साहाय्याच्या बदल्यात कोणाकडून बाप्तिस्म्याची अपेक्षा करू नये. जो कधी आपल्या उपासनेस येणार नाही, त्याच्या बाळाचीही नोंद तितक्याच आस्थेने करवावी. शोमरोनी मनुष्याने जखमी प्रवाशास त्याचा धर्म विचारिला नाही.

६. परदेशातून आलेला असेल तर?

क्वचित् एखादा खरोखर दुसऱ्या देशाचा निघेल. नेपाळी बंधूंस १९५० च्या तहामुळे येथे राहण्याची व काम करण्याची मोकळीक आहे. इतरांची गोष्ट निराळी. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशीयांविषयीचा नवा कायदा अमलात आला असून, परदेशी नागरिकास उतरवून घेणाऱ्याने त्याची खबर अधिकाऱ्यास द्यावयाची असते. अशा वेळी लपवालपवी करू नये आणि तिरस्कारही करू नये. त्यास अन्न द्यावे, आजारी असेल तर दवाखान्यात न्यावे, खरे काय ते सांगावे, आणि फुकट वकिलाकडे पोहोंचवावे. बाळ येशूसह मिसरात पळून गेलेले योसेफ व मरीया हेही परदेशात उपरीच होते. आणि त्याआधी हेच योसेफ व मरीया नावनिशी लिहविण्याकरिता बेथलेहेमास मुकाट्याने गेले होते. कायद्याचा मान आणि परक्याचे दुःख ही दोन्ही त्या एका घरात होती.

समारोप

आम्ही त्या उपदेशक बंधूंस हेच लिहिले. त्यांनी खोटी ओळ लिहिली नाही. ते बापास घेऊन शाळेत गेले, मुख्याध्यापकांस कायदा नम्रपणे दाखविला, आणि मुलाचे नाव हजेरीपटात लागले. शिधापत्रिकेचा अर्ज अद्याप पडून आहे. त्यासाठी तीन खेपा झाल्या, चौथी व्हावयाची आहे. पहिल्या प्रथम ज्या वडिलांनी पोलिसांचे भय सांगितले होते, तेच तिसऱ्या खेपेस बरोबर गेले, असे बंधू कळवितात. वेचणी संपल्यावर कुटुंब पुढे जाईल किंवा राहील, हे सांगता येत नाही. परंतु त्या गावी ते होते, हे एका खऱ्या वहीत तारखेसह लिहिलेले आहे.

वर्गासाठी प्रश्न

१. एज्रा २:५९, ६० मधील ६५२ लोकांस काय दाखविता आले नाही? तरी त्यांचे काय झाले?
२. लेवीय १९ मध्ये उपऱ्याविषयीच्या आज्ञेनंतर लगेच कोणती आज्ञा आहे? ह्या दोहोंचा संबंध काय?
३. आपल्या शिवारात सध्या किती पाले आहेत? त्यांतील किती बालकांची जन्मनोंद झाली आहे?
४. आपल्या मंडळीची वही कोणी तपासली तर तीतील प्रत्येक ओळ खरी निघेल काय?

प्रार्थनेचा विषय : बेड्यावरील व पालांतील लेकरे, परमुलखात कामास गेलेली आपली माणसे, आणि ज्यांच्या हाती लेखणी व मोहर आहे ते सर्व, ह्यांसाठी ह्या आठवड्यात घरोघरी प्रार्थना करावी.